पाइप जोडलेला असताना

मी, जहाजांना इंधन पुरवणाऱ्या कंपनीचा मालक, वय सत्त्याहत्तर, हे सगळं स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे; डॉक्टरांनी सकाळीच तपासून तसा दाखला दिला. गुडघे कामातून गेले आहेत, पण त्यांच्याविषयी कायदा काही विचारत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला या घरात उरलंय कोण? याआधीचं मृत्युपत्र मी रागाच्या भरात केलं होतं. ते या लेखाने रद्द समजावं.

एक. राहतं घर मुलगा आणि सून या दोघांच्या नावे. सुनेचं नाव मुद्दाम घालतो आहे. मुलाने या घरात पाऊल टाकणं सोडलं, तरी ती दर आठवड्याला मागच्या दाराने येते, माझी औषधं डबीत भरते आणि जाताना म्हणते, "बाबा, मी इथे येते हे त्यांना माहीत आहे बरं का." पत्नीचं शिवणयंत्र तिचंच. वरच्या खोलीतलं लोखंडी कपाट हलवताना भिंतीचे पोपडे निघतील, त्यावरून नवरा-बायकोने भांडू नये.

दोन. कंपनी, तिच्या तिन्ही बार्ज, म्हणजे तेल वाहणाऱ्या सपाट बोटी, धक्क्यावरचं ऑफिस आणि गोदाम मुलाला. कोणतीही अट नाही. चालवावी, विकावी, त्याची मर्जी.

ही कंपनी मी आणि पत्नीने उभी केली. सुरुवातीला भाड्याच्या होडीत तेलाची पिंपं चढवून समुद्रात नांगर टाकलेल्या जहाजांपर्यंत न्यायचो आणि हातपंपाने तेल वर चढवायचो. मग पाणी वाहणारी एक जुनी बार्ज घेतली आणि तिच्या टाक्या घासून तेलाच्या केल्या. तिला आम्ही "म्हातारी" म्हणायचो. ती अजून चालते. माझ्यापेक्षा बरी चालते. पत्नी ऑफिसात वायरलेसवर बसायची. जहाजांचे कप्तान तिच्या आवाजाला वचकून असत, मीही.

टोकाला पितळी वजन असलेली माझी मोजपट्टी आमच्या बार्जवरच्या पंपवाल्याला द्यायची होती. तेल देण्याआधी आणि दिल्यानंतर ही पट्टी टाकीत सोडायची, दोन्हीकडच्या माणसांनी पाहायची आणि मगच सह्या करायच्या, अशी आमची रीत. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून ती काल हातोहात देऊन टाकली. पंपवाल्याला सगळे "भोंगा" म्हणतात. त्याची कुजबुज पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जाते.

तीन. पलीकडच्या कंपनीच्या मालकांना साबणाची एक वडी. ते तेलात हवा सोडून फेस आणायचे, म्हणजे पट्टीवर टाकी भरलेली दिसते. फेस काढायची एवढी हौस, तर घरीच काढावा. मात्र माझ्या मुलाला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा यांनी त्याला चालवायला बार्ज दिली, हे मी विसरलेलो नाही. तो तिकडे कामाला लागल्यापासून तिथला फेस बंद झाला असं ऐकतो. ऐकून ऊर भरून येतो, पण हे सांगायला जवळ कोणी नसतं.

चार. ऑफिसच्या भिंतीवर मी रंगवून घेतलेला नियम पुसून टाकावा. "पाइप जोडलेला असताना बार्जवरच्या माणसाला घरची बातमी द्यायची नाही. वायरलेसवरच्याने जागा सोडायची नाही." भोंग्याला मुलगी झाली तेव्हा, पाइपातून जहाजात तेल चढत असताना, कोणीतरी होडीतून येऊन ओरडून सांगितलं. हा डेकवर नाचत बसला आणि जहाजाची टाकी वरून वाहिली. समुद्रावरचं काळं तेल आम्ही कित्येक दिवस उपसत होतो. त्यानंतर मी नियम केला. बातमी चांगली असो वा वाईट, पाइप सुटल्यावर.

पत्नी घरात कोसळली त्या दिवशी मी म्हातारीवर होतो आणि पाइप जोडलेला होता. ऑफिसात मुलगा होता. शेजारणीचा फोन त्याने घेतला. मला काही ठाऊक नव्हतं. मी सहज वायरलेसवर विचारलं, "काय रे, सगळं ठीक ना?"

तो म्हणाला, "ठीक आहे बाबा. तुम्ही पंप चालू ठेवा."

पाइप सुटल्यावर त्याने सांगितलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. ती माझी वाट पाहत होती, असं नर्स म्हणाली. मी परत आलो आणि धक्क्यावर सगळ्यांसमोर मुलाला म्हणालो, "तुला आईपेक्षा तेल मोठं झालं? चालता हो." तो भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवू शकला असता. त्याने दाखवलं नाही. तो निघून गेला.

पुष्कळ वर्षांनी सून औषधं भरता भरता म्हणाली, "बाबा, त्यांनाही आई भेटल्या नाहीत. ते वायरलेसपाशीच बसले होते." एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात तोवर शिरली नव्हती. माझी बायको गेली एवढंच मी धरून बसलो होतो. त्याची आई गेली होती.

पाच. कर्ज नाही, दागिने सुनेचे, छत्र्या ज्याच्या त्याने न्याव्यात.

सहा. वकील म्हणाले, "साहेब, हे बंद पाकिटात माझ्याकडे ठेवू. वेळ आली की मुलाला वाचून दाखवू." मी नको म्हणालो. सह्या झाल्या की भोंग्याने याची प्रत घेऊन आजच, थेट मुलाच्या बार्जवर जावं. बापाने घरी बोलावलंय आणि बाप अजून जिवंत आहे, हे त्याच्या नेहमीच्या आवाजात सांगावं. तिथे जहाजाला पाइप जोडलेला असला, तरीही सांगावं.

माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करणारे साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर (सही)
२. कंपनीचा पंपवाला, ऊर्फ भोंगा (सही, होडी तयार ठेवून आला आहे)

लिहून देणार: कंपनीचा मालक (सही)
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली. दिनांक: आजचा, शुक्रवार. पुढचं दार उघडं ठेवलं आहे.