डावीकडची जागा

ग्लेनमोर, नोव्हा स्कोशा
सप्टेंबर, रविवार

प्रिय लॉकी,

तुझं पार्सल बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पोचलं. वरती 'काच' असं तू इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतंस की पोस्टातली मुलगी घाबरून ते स्वतःच घेऊन आली. बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. अक्रोडाच्या लाकडाची चौकट, आत त्यांची पदकं, वर पलटणीचा बिल्ला, खाली पितळी पट्टीवर 'सार्जंट रॉडरिक चिझम, ग्लेनमोर हायलँडर्स'. पदकं मी त्यांच्या खणातून काढून तुला पाठवली, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. त्यांनी फक्त खण लावून टाकला होता. चष्मा चढवून त्यांनी एकेक रिबन तपासली आणि म्हणाले, "क्रम चुकला नाही पोराचा." तू त्यांना ओळखतोस. याहून जास्त त्यांनी आईचंही कधी कौतुक केलं नसेल. चौकट त्यांनी बैठकीत लावली, आल्यागेल्याला दिसलीच पाहिजे अशी. शेजारी आणखी एक खिळा ठोकला. हा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "भिंत माझी आहे."

माझी भेट मात्र फसली. सेंट कोलंबा चर्चमधलं पलटणीचं जुनं निशाण तुला आठवत असेल. तू आणि नील प्रार्थनेच्या वेळी मुद्दाम त्याच्याखाली बसायचात आणि वरून धागा पडला की तो कोणाच्या डोक्यावर पडला यावरून भांडायचात. आता त्याच्यात रेशीम कमी आणि हवाच जास्त आहे. मला वाटलं, हेच नीट करून द्यावं. बाबा तरुण असताना त्यांनी आणि अलेक बीटनकाकांनी रक्षक म्हणून दोन्ही बाजूंनी चालत ते चर्चमध्ये नेलं होतं. हॅलिफॅक्सला जुनी वस्त्रं सांधणारी एक बाई आहे. तिच्याशी मी सगळं ठरवलं आणि वाढदिवसाला सगळ्यांसमोर बाबांच्या हातात कार्ड दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "उना, आजीच्या सुरकुत्यांनाही टाके घातले असतेस का गं?" हेक्टर मॅकफी, आपला ढोलवाला, तोंडात लॉबस्टरचं सँडविच असताना म्हणाला, "पुढच्या वर्षी रॉडीला केस लावून दे. तेही झडलेत." सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

रात्री भांडी पुसताना बाबांनी मला समजावलं. निशाण एकदा चर्चमध्ये ठेवलं की त्याला कोणी धूत नाही, शिवत नाही, काचेत घालत नाही. ते आपल्या गतीनं झिजतं आणि माती होतं, जसे त्याच्यामागून चालणारे झाले. "त्याची नोकरी संपलीय. त्याला पुन्हा कवायतीला उभं करू नकोस." आपल्या घरात पलटणीबद्दल एवढं बोलणं होऊनही मला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला नको म्हणून कळवलं.

आणि त्याच आठवड्यात चर्च बंद होणार असल्याची बातमी आली. माणसं उरली नाहीत, छप्पर गळतं. शहरातल्या संग्रहालयानं निशाण मागितलं. ते त्याला जाळीत शिवून, काचेआड, मंद दिव्यात ठेवणार होते. म्हणजे माझीच भेट, फक्त मोठ्या प्रमाणावर. बाबा कोट घालून थेट पलटणीच्या कार्यालयात गेले. कर्नल आता एक बाई आहेत, डगेट नावाच्या, माझ्याहून लहान. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, बाबा उभेच राहिले. पाऊण तासानं परत आले तेव्हा ठरलं होतं, की निशाण पूल ओलांडून सेंट निनियन चर्चमध्ये जाईल आणि तिथे झिजेल. ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या रविवारी, पायी, बॅगपाइपच्या सुरावर.

पलटणीचा नियम तुला माहीत आहे. ज्यांनी आत नेलं, त्यांनीच बाहेर आणायचं. ते नसतील तर त्यांच्या घरातल्या, पलटणीत नोकरी केलेल्या माणसानं. निशाण एक तरुण लेफ्टनंट धरणार आहे. त्याच्या उजवीकडे बाबा. गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललंय. रोज सकाळी मागच्या अंगणात, खांद्यावर बंदुकीऐवजी वल्हं घेऊन, संथ चालीचा सराव चालतो. हेक्टर कुंपणावर टेकून ओरडतो, "रॉडी, कोंबड्या तुझ्यापेक्षा ताल धरून चालतात!" बाबा वळूनही बघत नाहीत. त्यांची पाठ बघायला हवी होतीस. मी खिडकीत उभी राहते आणि चहा गार होतो.

डावीकडची जागा अलेककाकांची. ते गेले, आणि त्यांचा नील कंदाहारच्या लढाईतून परत आला नाही. बीटनांच्या घरात आता फक्त जेसीकाकू आहेत. कर्नलबाईंनी एका तरण्या सार्जंटचं नाव सुचवलं. बाबा म्हणाले, "डावीकडची जागा रिकामी ठेवा." त्या म्हणाल्या, असं कवायतीत बसत नाही. "मग कवायत चुकू दे," बाबा म्हणाले. आपल्या बाबांच्या तोंडून हे वाक्य, लॉकी! गावभर झालं.

जेसीकाकूंच्याही कानावर गेलं. परवा त्या आल्या, ओटकेक घेऊन. बाबांना म्हणाल्या, "जागा आमच्या घरची आहे, रॉडी. कोणाला द्यायची ते तू कोण ठरवणार?" मग काकूंनी तुझं नाव घेतलं. बाबा उठून अंगणात गेले आणि बराच वेळ वल्हं पुसत बसले. तुझ्या पदकांसाठी भिंतीवर खिळा ठोकतील, पण ते तुला बोलावणार नाहीत. त्यांना हुकूम सोडता येतो, विनवणी येत नाही. आणि हुकूम तुझ्यावर चालणार नाही, हे त्यांना पटलंय.

नील गेल्यावर तू पलटण सोडून अल्बर्टाला निघून गेलास. काकूंच्या दारावरून गेलास, आत गेला नाहीस. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, आजही बोलायचं नाही. पण काकूंना मी पत्र लिहिणार असल्याचं सांगितलं तेव्हा त्या घरी जाऊन एक पाकीट घेऊन आल्या. त्यात अलेककाकांचे पांढरे हातमोजे आहेत, त्या दिवशी निशाणाबरोबर चालताना घातलेले. म्हणाल्या, "त्याला सांग, नीलच्या जागी नाही बोलवत मी. नीलची जागा नीलचीच आहे. अलेकच्या जागी बोलवतेय. आणि आल्यावर आधी माझ्याकडे जेवायचं, मग बापाकडे." या पत्रासोबत ते मोजे पाठवते आहे. घालून बघ. तुला होतील असं त्या म्हणतात, त्यांना तुझे हात आठवतात. मोजे पिवळे पडलेत, एका बोटाची शिवण उसवलीय. मी धुतले नाहीत आणि शिवलेही नाहीत.

वाट बघणारी, तुझीच ताई,
उना