वस्ताद भैरूची मोफत सेवा

१२ जानेवारी, सकाळ
आजपासून साहित्यसेवा. शाळेतला मित्र सम्मेद चौगुले दर महिन्याला ‘वस्ताद भैरू’ नावाचं कॉमिक काढतो. गोष्ट त्याची, चित्रं त्याची, छापून आणायचं त्यानंच आणि पेठ वडगावच्या बाजारात टेबल टाकून विकायचंही त्यानंच. भैरू म्हणजे पन्हाळ्याच्या भुतांना कुस्तीत लोळवणारा पैलवान. नाद खुळा! पण वाचतं कोण? वडगावातली चार पोरं. बाकी महाराष्ट्र उपाशी. म्हणून टेलिग्रामवर चॅनल काढलं. ॲडमिन ‘भैरूभक्त’. स्वतःचं नाव दिलं नाही. प्रसिद्धीचा मला पहिल्यापासून तिटकारा.

संध्याकाळ
मी नोकरी करतो त्या पतसंस्थेच्या स्कॅनरवर पहिला अंक चढवला. अंक सम्मेदनंच भेट दिलेला. मिळालेलं वाटून खावं, ही आपली संस्कृती.

१५ जानेवारी
बायकोला चॅनल दाखवलं. पूर्णिमा म्हणाली, सरळ चोरी हाय ही. तिला डिजिटल मार्केटिंग समजावलं. ती भाजी परतायला गेली.
संकल्प: अंक बाजारात आल्यावर एक महिना थांबायचं, मगच चॅनलवर टाकायचा. तत्त्व म्हणजे तत्त्व.

९ फेब्रुवारी
नवा अंक आला. महिना फार होतो. आठवडा पुरे.

११ फेब्रुवारी
टाकला. सदस्य मेसेज करून मागत होते. वाचकाला ताटकळत ठेवणं माझ्या रक्तात नाही.

१४ मार्च
सम्मेद अंक द्यायला पतसंस्थेत आला. मित्र म्हणून पहिली प्रत नेहमी मलाच. तो जिना उतरेपर्यंत मी पिना काढून पानं सुटी केली होती. चहाच्या आत अपलोड. हा बहुधा राज्यातला विक्रम असावा. सांगायचा कुणाला?

२ एप्रिल
सम्मेदचा चेहरा उतरलेला. म्हणाला, धैर्या, खप पार बसला. वारणानगरच्या शाळेत टेबल लावलं, तर पालक म्हणाले, मोबाईलवर फुकट येतंय की, पावणं, विकत कशाला? मलाही वाईट वाटलं. पालक फार कंजूष झालेत. त्याला सांगितलं की मुखपृष्ठावर लाल रंग कमी पडतो.
मग म्हणाला, कोण भैरूभक्त म्हणून हाय, त्यो घालतोय सगळं. तुला कॉम्प्युटरमधलं कळतंय, तूच हुडकून काढ की गा त्याला.
जबाबदारी स्वीकारली. नकार देणं मैत्रीला शोभलं नसतं. त्यानं मिसळ खाऊ घातली. कटाची वाटी दोनदा घेतली.

१० एप्रिल
सम्मेदचा फोन. सांगितलं, तपास योग्य दिशेनं सुरू आहे. खोटं अजिबात बोललो नाही.

२१ एप्रिल
संताप! संताप! ‘कॉमिक्स कट्टा’ नावाच्या चॅनलनं माझे सगळे स्कॅन जसेच्या तसे उचलले. कोपऱ्यातलं ‘भैरूभक्त’ पुसून स्वतःचं नाव टाकलं. पानं सरळ कुणी केली? डाग कुणी पुसले? दुसऱ्याच्या मेहनतीवर जगणारी जमात. टेलिग्रामकडं तक्रार केली. मालकी सिद्ध करा असं उत्तर आलं. पूर्णिमा इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मीच दिलं.

१२ मे
मे महिन्याचा अंक. काय अंक काढलाय गड्यानं! भैरू पन्हाळ्याच्या अंधारबाव विहिरीत उतरतो. खाली एक दार. दारापलीकडून त्याच्याच मेलेल्या वस्तादाचा आवाज येतो, ‘ये पोरा, एक डाव राहिलाय.’ भैरू कडीला हात घालतो, आणि ‘पुढील अंकी’! जेवण गेलं नाही. आवाज खरा की भुताचा? मेलेल्या वस्तादाशी कुस्ती धरायची तरी कशी?
संकल्प: पुढच्या अंकाची फाईल छापायच्या आधीच मागायची. तपासाच्या कामासाठी म्हणून.

२० जून
अंक नाही. सदस्य खवळलेत. चॅनलवर लिहिलं: प्रकाशकाच्या आळशीपणामुळे विलंब, क्षमस्व.

५ जुलै
सम्मेद फोनवर थोडकंच बोलला. छापायला परवडत न्हाय, बंद केलं. नोकरी धरल्या कोल्हापुरात. कुठं, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी विचारलं, दारामागं कोण होतं? फोन ठेवला त्यानं. कलावंत लोक फार हळवे.

१८ जुलै
चॅनल दहा हजारांच्या पुढं! सदस्य म्हणतात, ॲडमिननी आता समोर यावं. सदस्य म्हणजे एकजण, पण कळकळीनं म्हणाला. आपल्याकडं म्हैस व्याली तरी चौकात फ्लेक्स लागतो, मग साहित्यसेवेचा का नको? कोल्हापुरात आकारामच्या फ्लेक्सच्या दुकानात फेट्यातला फोटो आणि मजकूर पाठवला: ‘भैरूभक्त ॲडमिन मा. श्री. धैर्यशील (दादा) यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त वाचक परिवार.’ कॉमिक बंद, तेव्हा तपासही बंद. आता नाव कळलं तर कुणाचं काय बिघडतंय?

२० जुलै, दुपार
प्रूफ बघायला गेलो. आकाराम म्हणाला, आत जावा, नवीन डिझायनर हाय, लई भारी हात हाय त्याचा.
आत सम्मेद बसला होता. स्क्रीनवर मी, फेटा बांधून.
शिव्या देईल वाटलं. कॉलर धरेल वाटलं. त्यानं एवढंच विचारलं, ‘मा.’ ठेवू का ‘सन्माननीय’ करू?
जे दोन महिने डोक्यात होतं तेच तोंडातून आलं. सम्मेद, दारामागं कोण होतं रे?
म्हणाला, मला काय म्हाईत? काढलंच न्हाय की.
म्हटलं, मनात तर असेल.
म्हणाला, हुतं. आता मनात वाढदिवस असत्यात. सरक जरा, उजेड अडतोय.
मागं दोन गिऱ्हाईकं थांबली होती. सरकलो.

२१ जुलै
फ्लेक्स रद्द करायला फोन केला. आकाराम म्हणाला, सकाळीच बांधला की. डिझायनर स्वतः शिडीवर चढला हुता. फोटो झ्याक आलाय.
बघून आलो. खरंच झ्याक आलाय. गालावरचा मुरुमाचा डाग त्यानं हातानं पुसलाय. मला सांगावंही लागलं नव्हतं. फार वाईट वाटलं. हे कुणाला सांगायचंही नाही.

२३ जुलै
चॅनलवर लिहिलं: भैरू संपला, पुढचा भाग येणार नाही. दोन तासांत निम्मे सदस्य ‘कॉमिक्स कट्टा’वर गेले. उरलेल्यांनी विचारलं, दुसरं काय हाय फुकटात?
एकानं मात्र वेगळंच विचारलं. मुलाला फार आवडलंय, मूळ अंक विकत कुठं मिळतील? एवढ्या महिन्यांत हे कुणी पहिल्यांदाच विचारलं.
आकारामच्या दुकानाचा पत्ता टाईप केला. खोडला.