बॅगेचा उजवा कोपरा

३ नोव्हेंबर, सोमवार

जहाजाची तिकिटं आली. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेक-जावयाची भेट. चार रात्रींची क्रूझ, समुद्रात गोल फिरून परत. एवढं कशाला, म्हणालो. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त बॅग भरा."

ठीक. बॅग भरणं मला येतं. जगात फार थोड्या लोकांना येतं. दोघांत मिळून एकच मोठी बॅग न्यायची, असं मी ठरवलं. दोन बॅगा म्हणजे दोन साबण, दोन कंगवे, दोन टूथपेस्ट आणि हातात उगाच ओझं. बायको नवी बॅग घ्यायला निघाली होती. जुनीचं चाक अडकत होतं, मी पंख्यातलं एक बेअरिंग बसवलं. आता बोटाने ढकलली तरी दारापर्यंत जाते.

लेकीने केबिनचा फोटो पाठवलाय. गोल खिडकी, छोटं कपाट, एक पलंग. एकच. मी फोटो बघितला, हिने बघितला.

लेकीचं लग्न झालं तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, ही लेकीच्या खोलीत झोपते. "तुमच्या घोरण्याने झोप होत नाही," म्हणाली आणि उशी उचलून गेली. मी पुन्हा विचारलं नाही. माणसाला एकदा सांगितलं की पुरे. पण तिकडे जाऊनही सोडत नाही. मधली भिंत ठोकते. दणादण. मी दचकून उठतो. झोपेतसुद्धा माझं काहीतरी चुकतंच!

४ नोव्हेंबर, मंगळवार

बुकिंगच्या ऑफिसात फोन केला. पलंग वेगळे करता येतात का? मुलगी म्हणाली, येतात सर, मधोमध सुटतो तो. म्हटलं, सोडवा. हिला सांगितलं नाही. तिच्याच सोयीचं आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली भरणी. रंगीत तालीम म्हणा. जड सामान चाकांच्या बाजूला, कपडे घड्या न घालता गुंडाळून, मोजे बुटांच्या पोटात. उजव्या कोपऱ्यात माझी हत्यारांची पिशवी. दोन स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी. बस्स.

"हे जहाजावर कशाला?"

"केबिनमधला पंखा वाजायला लागला तर?"

"जहाज बांधणारे तुमचीच वाट बघत थांबलेत ना."

पिशवी काढली. मी ठेवली. तिने काढली. मग म्हणाली, "हा कोपरा मोकळा ठेवायचा."

"कशासाठी?"

"लागेल."

"केवढा?"

तिने दोन्ही हात हवेत धरून दाखवलं. बुटांच्या खोक्याएवढं. मला नवल वाटलं ते हातांचं. ही बाई पडद्याचं कापडसुद्धा अंदाजपंचे आणते. पण आज हात असे धरले होते, जणू मधे ती वस्तू आहेच. जहाजावर दुकानं असतात म्हणे. खरेदीचा बेत दिसतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

भल्या पहाटे बेकरीवाली बाई दारात. तिचं थंड कपाट बंद पडलं. ती दुकानाच्या वरच राहते. "काका, जाग आली म्हणून बरं, नाहीतर सगळे केक गेले असते."

जाग कशाने आली, विचारलं. आवाज झाला का?

"नाही. आवाज थांबला म्हणून."

हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. मशीन घरघरत असलं की माणूस खुशाल झोपतो. ते थांबलं की उठून बसतो. कानाला सगळं कळतं. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही, जळक्या मोटारी उघडून उघडून शिकलो. कॉम्प्रेसरला कान लावला की पाच मिनिटांत दुखणं सांगतो. म्हणूनच तर लोक येतात. (गल्लीतले मला थंडोबा म्हणतात. फ्रीज आणि एसीचं काम करतो म्हणून. स्वभावावरून नाही.)

बेकरीतून आलो, बॅग बघितली. कोपरा रिकामाच. मी त्यात स्वेटर कोंबला. दुपारी स्वेटर माझ्या उशीवर होता.

९ नोव्हेंबर, रविवार

मेहुणी चहाला आली. हॉस्पिटलात नर्स आहे, हिची धाकटी बहीण. बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाली, "भाऊजी, जायच्या आधी एकदा झोपेची तपासणी करून घ्या ना. एक रात्र तर झोपायचं. आमच्याकडेच."

म्हणजे दोघींचं आधीच ठरलेलं! मी म्हणालो, घोरणं हा काय आजार आहे? आमचे वडील घोरायचे, गल्लीतली कुत्री भुंकायची बंद व्हायची.

"आणि गेले कसे तुमचे वडील?" ही म्हणाली.

"झोपेत. अंगाला त्रास नाही, कुणाला त्रास नाही. लोक म्हणाले, असं मरण भाग्यवंताला येतं."

"किती वय होतं?"

"पंचावन्न."

ही कपबशा उचलून आत गेली. माझं वय तिला माहीत आहे. मलाही आहे. चोपन्न.

मेहुणी हळूच म्हणाली, "थंडोबा ते थंडोबाच." मी म्हटलं, माझं मशीन मी ओळखतो. कुणी उघडून बघायची गरज नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

अबोला. पावाला लोणी लावून ठेवलं होतं, पण अबोला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानातून आलो तर बॅगेतून तिचे कपडे गायब. सगळे परत कपाटात.

"तपासणी नाही तर मी येणार नाही," म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "तुम्ही जा. समुद्र बघून या."

"एकटा जाऊन काय करू?"

"एकटं राहायची सवय आहे तुम्हाला."

"खोली मी सोडली का? उशी कोणी उचलली?"

फक्त बघितलं माझ्याकडे. थकलेली दिसली. डोळ्यांखाली काळं कधीपासून आहे कोण जाणे.

लेकीला काय सांगायचं? तुझी आई तुझी भेट नाकारते? बॅग मी तशीच ठेवली आहे, अर्धी. माझे कपडे एका बाजूला कलंडलेत. दोघांच्या हिशेबाने भरलेली बॅग एकाच्या सामानाने उभीसुद्धा राहत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नीट लिहायचं आहे, म्हणून दुकान लवकर बंद केलं.

दुपारी ही दुकानात आली. वर्षातून एकदा येत नसेल. बाकावर बसली, पर्स मांडीवर. म्हणाली, "एकांच्या मशीनचा आवाज फोनवर घेतलाय. ऐकून सांगा काय झालंय."

मी विचार केला, चला, बोलायला तर लागली. पंखा बंद केला, शटर निम्मं ओढलं, फोन कानाला लावला. आवाज दबका येत होता. भिंतीपलीकडून घेतल्यासारखा. तरी कळत होतं.

मी सांगत गेलो. मशीन जुनं आहे. ओढून ओढून चालतंय. हवा जायची वाट कुठेतरी आवळली आहे, त्यामुळे लोड येतो. ऐक, आता वाढतोय. आणि बंद पडलं.

मी थांबलो. काहीच नाही. रेकॉर्डिंग संपलं वाटून फोन बघितला, तर आकडे पळत होते. पुन्हा कानाला लावला. मग एकदम झटका देऊन सुरू झालं. पुन्हा घरघर, पुन्हा बंद.

"किती दिवस असं चालवतायत हे?"

"सहा वर्षं तरी."

"डोकं फिरलंय का लोकांचं? त्यांना म्हणावं, आजच बंद करा आणि उघडून दाखवा. दर वेळी झटक्याने सुरू होतंय ते नशिबाने. एक दिवस थांबेल ते थांबेलच."

फोन अजून माझ्या कानाला होता. आवाज तिसऱ्यांदा थांबला. या वेळी बराच वेळ. मी नकळत माझा श्वास धरून बसलो होतो. आणि मग फोनमधून आलं: दण दण दण. अगदी जवळून. हाताने भिंत ठोकल्याचा आवाज. आणि लगेच तो झटका.

ते दण दण मी ओळखतो. सहा वर्षं ऐकतोय. दुसऱ्या बाजूने.

फोन खाली ठेवला. शटरखालून लोकांचे पाय जाताना दिसत होते. ते बघत बसलो.

"मला वाटायचं, मी फार घोरतो म्हणून तू ठोकतेस," म्हणालो.

"घोरता तेव्हा मी झोपते," ती म्हणाली. "थांबता तेव्हा ठोकते."

"मग खोली का सोडलीस?"

"शेजारी असले की डोळा लागायचाच नाही. तुमच्या छातीकडे बघत पडायचे. हलतेय की नाही, हलतेय की नाही. तिकडे गेले, पलंग भिंतीला लावला. तिकडे निदान अधूनमधून लागतो. आवाज गेला की आपोआप जाग येते."

बेकरीवाली आठवली. मी तिला किती ऐटीत सांगितलं होतं, कानाला सगळं कळतं म्हणून.

"सांगायचं होतंस."

"सांगितलं. दरवेळी तुम्ही म्हणालात, माझं मशीन मी ओळखतो." मग पर्स उचलून उठली. "म्हटलं, मशीन म्हणूनच ऐकवावं."

शटर वर केलं. ती गेली. मी एका गिऱ्हाइकाच्या फ्रीजला पुन्हा कान लावून बघितला. काही ऐकू आलं नाही, असं नाही. पण लक्ष लागेना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मेहुणीला फोन केला. पहिलं वाक्य तिनेच म्हटलं: "मंगळवारी या. येताना उशी तुमचीच आणा, भाऊजी." चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणी आज आहे. ही मला दारापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, आज तू तरी झोप, तिकडे मला बघायला माणसं आहेत. "बघू," म्हणाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डोक्याला, छातीला, बोटाला वायरी. एक वायर सैल लावली होती, मी दाखवून दिली. त्यांनी आभार मानले.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तासाला किती वेळा श्वास थांबतो ते. आकडा ऐकला. पुन्हा विचारला. इथे लिहीत नाही. वडिलांची फार आठवण झाली. भाग्यवंत म्हणे! आईने कधी भिंत ठोकली असेल का? तिला वेगळी खोलीच नव्हती.

उपाय आहे. रोज नाकावर मास्क लावून झोपायचं, शेजारी एक मशीन हवा ढकलत राहतं.

घरी आलो तर ही अजून अंघोळही न करता खुर्चीत बसलेली. झोपली नव्हती. "घर फार शांत होतं," म्हणाली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मशीन आलं. जेवणाच्या टेबलावर ठेवलं, हत्यारांची पिशवी आणली. पहिला स्क्रू सैल केला तोच स्वयंपाकघरातून हिचा आवाज, "तो स्क्रू होता तिथे लावा."

लावला. झाकणाच्या फटीतून जेवढं दिसलं त्यावरून सांगतो: आत एक छोटा पंखा आहे, हवा ढकलतो, दुसरं काही नाही. असलं मी एका दुपारी बनवलं असतं. पण मोटर गुळगुळीत आहे. कान लावला तरी जेमतेम ऐकू येते. ज्याने बनवलं त्याला काम येतं.

मास्क लावून आरशात बघितलं. सोंडेसारखी नळी. लेकीने व्हिडिओ कॉल केला नेमका तेव्हाच. हसून हसून पडली. मग रडली. जावयाने फोन काढून घेतला, म्हणाला, "बाबा, रुबाबदार दिसताय." खोटारडा आहे, पण पोरगा चांगला आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रात्रीतून तीन वेळा मी मास्क झोपेत ओढून टाकतो, अशी तक्रार भिंतीपलीकडून आली. सवय व्हायला वेळ लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. ही अजून त्याच खोलीत आहे. मशीनवर तिचा भरवसा बसलेला नाही. माझ्या हातच्या कामावरही गिऱ्हाइकाचा भरवसा महिन्याने बसतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कालपासून मास्क जागेवर राहतो. भिंत गप्प आहे.

शेवटची भरणी. तिचे कपडे परत आले. गुंडाळून, माझ्या पद्धतीने. तिने स्वतः गुंडाळले होते. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग मशीन पिशवीत घालून उजव्या कोपऱ्यात ठेवलं. तंतोतंत बसलं. वर तळहातभर जागा उरली, त्यात नळी.

मी म्हटलं, "माप कुठून आणलंस?"

"कुठून म्हणजे?" ती म्हणाली. "धाकटीच्या हॉस्पिटलात असतं ना. तिने हातांनी दाखवलं होतं."

"तेव्हा तर मी तपासणीलाही नाही म्हणत होतो. हो म्हणेन असं वाटलंच कसं तुला?"

"वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "जागा ठेवली होती."

झिप लावली. हत्यारांची पिशवी घरीच राहते आहे. फक्त टेस्टर खिशात घातला. एवढं चालतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या निघायचं. वेगळ्या पलंगांचं हिला अजून सांगितलेलं नाही. पुन्हा जोडून ठेवा म्हणून ऑफिसात फोन केला, बदल आता जहाजावरच होईल म्हणाले.

३० नोव्हेंबर, रविवार, जहाजावर

पलंग मी सांगितले तसेच वेगळे होते. हिने बघितलं, केबिनच्या पोऱ्याला हाक न मारता स्वतःच आपला पलंग गुडघ्याने ढकलून माझ्या पलंगाला लावला. मधे फट राहू दिली नाही.

आता दहा वाजत आले. नाश्ता बंद होईल. गोल खिडकीतून एक बेट दिसतंय, सगळे डेकवर गेलेत बघायला. ही अजून झोपली आहे. तोंड जरासं उघडं, एक हात माझ्या बाजूला. आणि घोरते! हळू. मी खाली वाकून कान लावला. एकसारखा आवाज आहे. कुठे थांबत नाही.

उठवलं नाही.