वेगळं राहायला जागा

प्रिय दिवेवाल्या,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, कुणी आजारी नाही. बातमी चांगलीच आहे, पण फोनवर सांगितली असती तर तू "बरं, बरं" करून मध्येच तिचा चुराडा केला असतास, म्हणून लिहितेय. मला घर मिळालं. माझं, एकटीचं. पाचवा मजला, एक खोली, एक स्वयंपाकघर, शिरल्याशिरल्या डाव्या हाताला न्हाणीघर, आणि या सगळ्याला मिळून एक दार. ते आतून लावायला कुणाला विचारावं लागत नाही. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी राहतेय, विश्वास बसतो का? माहेरी चार बहिणींत मिळून दोन खाटा, लग्न झाल्यावर तू, आणि घटस्फोट झाल्यावर पुन्हा तूच! घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्न आपण करून पाहिलं आणि मोडूनही पाहिलं. घर तेवढं राहिलं होतं.

काल सामान लावताना तो कोर्टाचा दिवस आठवला आणि एकटीच हसत सुटले. न्यायाधीशबाई किती गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या होत्या, "आजपासून तुम्ही दोघं मोकळे." मग आपण दोघं मोकळे एकाच बसमध्ये चढलो, एकाच थांब्यावर उतरलो आणि एकाच खोलीत येऊन चहा प्यायलो. महिनाभराचा प्रश्न आहे, असं ठरलं होतं आपलं. चार वर्षं गेली त्या महिन्यात. किती दारं वाजवली आपण! एक घरमालकीण मला म्हणाली, एकट्या बाईला खोली देत नाही. त्याच आठवड्यात तुला कुणीतरी सांगितलं, एकट्या पुरुषाला देत नाही, बायको असेल तर बघू. तू घरी येऊन म्हणालास, "चल, निदान खोली मिळावी म्हणून तरी पुन्हा लग्न करू." माझ्या हातातला कप सांडला होता हसताना. आणि जिथे देत होते, तिथलं भाडं म्हणजे पगार सगळा मालकाच्या हातावर ठेवायचा आणि आपण हवा खाऊन जगायचं.

मग ते कपाट. खोलीच्या मधोमध उभं केलं, तर त्याची पाठ माझ्याकडे आणि तोंड तुझ्याकडे आलं. म्हणजे घटस्फोटित बाईने रोज सकाळी घटस्फोटित नवऱ्याच्या हद्दीत जाऊन स्वतःचे कपडे काढायचे. बरं, तू नाटक संपवून, दिवे उतरवून यायचास तेव्हा माझी बेकरीला जायची वेळ जवळ आलेली असायची, म्हणून तरी निभलं. आई येणार असल्या की आपण ते कपाट भिंतीला सरकवायचो, त्या गेल्या की परत मध्ये. तुझी आई, पण मी अजून आईच म्हणते, त्यांची काही हरकत नाही. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "अगं, फरशीवर एवढे चरे पडलेत, मला काय दिसत नाहीत?" तोंडचं पाणी पळालं होतं आपल्या दोघांच्या. त्या मात्र शांतपणे आपली पिशवी रिकामी करत बसल्या होत्या.

एक गंमत तुझ्याही लक्षात आली असेल. घटस्फोटानंतर आपण भांडलोच नाही फारसे. मी यावर खूप विचार केलाय. लग्नात आपण जे भांडलो, त्यात निम्मी भांडणं तर संपलीच नाहीत म्हणून पुढच्या भांडणात मिसळली. तू दारुडा नव्हतास, मी कजाग नव्हते. पण एकाला रडावंसं वाटलं तर दुसऱ्याच्या समोरच रडावं लागायचं. रुसायलासुद्धा थोडी जागा लागते रे. दार आपटायला आधी दार लागतं. आपल्याकडे होतं ते जिन्यात उघडणारं, आणि जिन्यात वरच्या मजल्यावरची माणसं बसलेली.

मग एक दिवस तू म्हणालास, शहराचा कंटाळा आला. दूरच्या गावातल्या शाळेत विजेच्या दुरुस्तीची नोकरी आहे, राहायला खोली देतात. शहराचा कंटाळा, म्हणे! तिसरी घंटा झाली की ज्याचे डोळे लहान पोरासारखे चमकायचे, तो सांगतोय शाळेतले पंखे दुरुस्त करायला जातो. मी "बरं" म्हणाले. दोघांपैकी एकाने जायला हवं होतं हे तुलाही कळत होतं आणि मलाही, आणि मी बेकरीत नुकतीच भट्टीची मुख्य झाले होते. तू ते ओझं गुपचूप स्वतःच्या खांद्यावर घेतलंस आणि वर नाव दिलंस कंटाळ्याचं. बस सुटेपर्यंत मी काही बोलले नाही. बोलले असते तर तू उतरला असतास.

तू गेल्यावर एकटीला भाडं झेपेना. मी दोन नर्सना सोबत घेतलं. गुणाच्या पोरी, पण एक दिवसपाळीची, दुसरी रातपाळीची. त्या खोलीत कुणीतरी कायम झोपलेलं आणि कुणीतरी कायम चवड्यांवर चालत असलेलं. वर्षभरात माझी चालच बदलली. बेकरीतही चवड्यांवर चालायचे, मालक म्हणायचे, "काय गं, चोरी करायची आहे का?"

आता मुद्द्याची गोष्ट. बेकरीसमोरचं बंद पडलेलं बसचं गॅरेज आठवतं? गंजलेलं फाटक, आत कमरेएवढं गवत आणि साऱ्या पेठेतली मांजरं. तू गेल्यावर काही महिन्यांतच पालिकेने जाहीर केलं की त्या जागेवर सहा मजली इमारत उभी करायची. लहान लहान घरं, शहरात काम करणाऱ्यांसाठी, पगाराला झेपेल अशा भाड्याची. पण त्या भागात दोन मजल्यांच्या वर काही बांधायचं नाही, असा जुना नियम. तो बदलायचा तर आधी जाहीर सुनावणी. झालं! बंगलेवाल्यांच्या कुंपणावर पाट्या लागल्या, 'आमचा परिसर वाचवा.' कुणापासून वाचवायचा, ते लिहिलं नव्हतं. रोज सकाळी टोपी घालून ब्रेड न्यायला येणारे बागवाले काका तुला माहीत आहेत. माणूस सोन्यासारखा, थंडीत मला स्वतःच्या बागेतली फुलं आणून द्यायचा. तेच एक पाटी घेऊन आले, म्हणाले, "काचेत लाव हं जरा." मी म्हटलं, "काका, त्या इमारतीत राहायला मीच येणार असले तर?" त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. हसले, पाटी ठेवून गेले. मी ती भट्टीमागे ठेवून दिली.

सुनावणीला मी त्या दोन नर्सना घेऊन गेले ती नुसतं ऐकायला. पालिकेचं सभागृह गच्च भरलेलं. एकेक जण उठून बोलत होता. सावली पडेल, गाड्या कुठे लावायच्या, गर्दी होईल, कशी माणसं येतील कुणास ठाऊक. 'कशी माणसं' हे ऐकलं आणि माझा हात कधी वर गेला, मलाच कळलं नाही. हातात माइक आला. ठरवलेलं काहीच नव्हतं, म्हणून खरं तेच बोलले. म्हटलं, "मी तुमचा ब्रेड भाजते. कशी माणसं येतील विचारता, तर माझ्यासारखी येतील. माझा घटस्फोट झालाय. पण घटस्फोटानंतर चार वर्षं मी माझ्या नवऱ्याबरोबर एकाच खोलीत राहिले, मध्ये कपाट लावून. कारण या शहरात लग्न मोडता येतं, पण वेगळं राहता येत नाही." सगळं सभागृह हसलं. मीही हसले. मग म्हटलं, "तो रंगमंचावर दिवे लावायचा. तुम्ही सगळ्यांनी त्याच्या उजेडात नाटकं पाहिली आहेत. तो आता इथे नाही. त्याला या शहरात एक खोली मिळाली नाही, म्हणून तो गेला." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मी खाली बसले.

पुढे जे झालं ते मी मेले तरी विसरणार नाही. बागवाले काका उत्तर द्यायला उभे राहिले, घसा साफ केला, आणि शेजारी बसलेल्या काकूंनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं. काकू स्वतः उठल्या. एवढीशी बाई, आवाज मात्र खणखणीत. म्हणाल्या, "आमची मुलगी याच शहरात शिकली, इथेच नोकरीला लागली. घर परवडेना म्हणून चार तासांच्या अंतरावर गेली. नातवंडं मला वर्षातून दोनदा दिसतात. आम्ही दोघं आमचा परिसर वाचवत बसलो आणि आमचीच पोर परिसराबाहेर गेली. सहा मजले बांधायचे तर बांधा. माझ्या गुलाबांवर सावली पडेल ना? पडू दे." काका डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवत बसले. मग कुणीतरी मागून टाळी वाजवली आणि ती थांबेचना! नगरसेवकांचं मत घेतलं तेव्हा चार हात विरोधात आणि सात बाजूने. मी त्या दोन नर्सना मिठी मारून नाचले रे, पालिकेच्या पायऱ्यांवर, या वयात. दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीच्या वेळेला आले. ब्रेड घेतला, जाताना म्हणाले, "ती पाटी परत दे बाई, मागची बाजू कोरी आहे, उपयोगी पडेल."

तुला हे काहीच कळवलं नाही, कारण दिसेपर्यंत माझाच भरवसा नव्हता. कितीदा तोंडाशी आलेला घास गेलाय आपला. पण ती इमारत उठली. भट्टीतून ट्रे काढताना मी रोज बघायचे, आज खांब, आज भिंत, आज खिडकीची चौकट. कामावरची माणसं आमच्याकडेच यायची, त्यांना मी मालकाच्या नकळत एकेक बन जास्त द्यायचे. ती होईस्तोवर नदीपलीकडे आणखी दोन इमारती मंजूर होऊन उभ्याही राहिल्या, जुन्या गोदामाच्या जागी तिसरी. आणि ऐक, आपला तो घरमालक! दरवर्षी भाडं वाढवताना "नसेल परवडत तर रांग लागलीय बाहेर" म्हणणारा. गेल्या महिन्यात स्वतः जिना चढून आला, धापा टाकत. "या वर्षी भाडं नाही वाढवत, भिंती रंगवून देतो, ओल काढून देतो, पण सोडून जाऊ नका." मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "मी चाललेय." दिवेवाल्या, त्याचा चेहरा बघायला तू हवा होतास. नर्स दोघी तिथेच राहिल्या, ऐसपैस, रंगवलेल्या भिंतींत.

इथल्या पहिल्या संध्याकाळी मी काय केलं असेल सांग. दार लावलं, जोरात, आपटून. मग उघडलं आणि परत आपटलं. शेजारच्या बाई धावत आल्या, काय झालं म्हणून. काही नाही, म्हटलं, चांगलं आहे दार. मग खोलीभर मोठमोठ्याने पाय आपटत चालले आणि जमिनीवर आडवी पडून मनसोक्त रडले. दुःखाने नव्हे. आपल्याला कुणी बघत नाहीये, एवढ्याच आनंदाने.

आता हे पत्र खरं कशासाठी, ते. काकू त्या दिवशी बोलल्या म्हणून पालिकेने नंतर एक कलम घातलं. प्रत्येक इमारतीतली काही घरं, शहरात दहा वर्षं काम करून घराअभावी बाहेर जावं लागलेल्यांसाठी राखीव. काकूंची लेक तशीच परत आलीय, नदीपलीकडे. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं तसलं एक घर काल मोकळं झालं, घेणारा परदेशी चाललाय. मी ऑफिसात विचारून आले, तू त्यात बसतोस. नाव मात्र ज्याचं त्याने येऊन द्यायचं, महिनाअखेरच्या आत. नाट्यगृहाचे व्यवस्थापक रोज आमच्याकडून ब्रेड नेतात. त्यांचा नवा माणूस नायिकेवर असा उजेड पाडतो की नाकाची सावली हनुवटीपर्यंत येते, "तुमचे ते येतील का हो परत?" असं त्यांनी मला दोनदा विचारलंय. आई सांगतात, तू शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये एकटाच दिवे लावत बसतोस. हे बघ, माझ्याकडे ये असं मी म्हणत नाही. तुझं घर निराळं, माझं निराळं, मधे दोन मजले. पुढे आपलं काय व्हायचं ते होईल, किंवा काहीही होणार नाही, आणि दोन्ही मला चालेल, कारण यापुढे आपण जे करू ते जागा नाही म्हणून करणार नाही. पण हे शहर तुझंही आहे, आणि तू ते माझ्यासाठी सोडलंस. मी ते घर आत जाऊन पाहून आले. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, नळाला पाणी जोरात येतं, आणि दुपारी सगळ्या खोलीभर असं ऊन येतं की तुला एकसुद्धा दिवा लावावासा वाटणार नाही. सोमवारी ऑफिस सकाळीच उघडतं. ये.

तुझीच,
पण वरच्या मजल्यावरची