हसतील त्यांचे दात

सोमवार

लिहू लिहू म्हणत आठवडा गेला. निघताना ताईनं ही वही हातात कोंबली होती. रोज चार ओळी लिही, डोकं ठिकाणावर राहील, म्हणाली. माझं डोकं ठिकाणावर नसतं हे तिचं जुनंच मत. पण आज सांगण्यासारखं आहे. मला नोकरी लागली! आणि कसली, तर हसायची. देवाशप्पथ.

झालं असं की नोकरी शोधत गावोगाव फिरताना गाडी बदलायला या गावात उतरलो. पुढची गाडी संध्याकाळी, म्हणून वेळ काढायला स्टँडसमोरच्या टॉकीजमध्ये शिरलो. सिनेमा भुताचा की विनोदी, कोण जाणे. एक शिंपी मेलेल्या माणसाचं माप घेतोय आणि मेलेला म्हणतो, कमरेत जरा सैल ठेवा. मग बराच वेळ नुसतं एक कपाट. (आमच्या घरी असंच होतं, दार लागायचं नाही, कागदाची घडी घालायला लागायची. असो.) मग कपाट उघडतं, आत तोच शिंपी, पण तोंडाच्या जागी नुसती शिवण. हॉल भरलेला, पण कुणी हूं की चूं नाही. मला भीती वाटली की हसू फुटतं, लहानपणापासूनची खोड. शिंप्याला बघून मी जो खिंकाळलो! अख्खा हॉल वळून माझ्याकडं बघायला लागला, आणि मग सगळेच फुटले.

सिनेमा सुटल्यावर मालकांनी बोलावलं. वाटलं, आता कान उपटणार. तर चहा पाजला. म्हणाले, लोकांना कळत नाहीये घाबरायचं की हसायचं, आणि न कळलेला माणूस घरी जाऊन मला शिव्या घालतो. तू आपला मधल्या रांगेत बस आणि येईल तिथं हस. राहायला टॉकीजवरची खोली, जेवण कॅन्टीनवाल्या मावशींकडं. मी म्हटलं, लोक मला हसतील. मावशी म्हणाल्या, हसतील त्यांचे दात दिसतील, तू पोळी घे.

संध्याकाळची गाडी गेली ती गेलीच.

बुधवार

काम झकास. खेळ सुटला की दाराशी उभा राहून लोकांचं बोलणं ऐकतो, फुकटची करमणूक. एक आजोबा म्हणाले, चांगला कौटुंबिक आहे, फक्त कुटुंब कुणाचं तेवढं समजलं नाही. एक बाई नवऱ्याला सांगत होत्या, ते कपाट म्हणजे डिट्टो तुमची आई. कॉलेजच्या पोरांचं ठरलं की शिवण हे प्रतीक आहे. कशाचं, यावरून मारामारी व्हायची बाकी होती. आणि शेवटी सगळे मलाच विचारतात, तुला काय वाटलं? मी म्हणतो, धमाल. मग तेही धमाल म्हणत घरी जातात.

एक गंमत. सिनेमाला शेवट नाही, पडदा नुसता पांढरा होतो. दिवे लागले तरी लोक बसूनच होते. मी उठलो तसे उठले.

आजोबा आज परत आले होते. कॉलेजची पोरंही. त्या बाईही.

शुक्रवार

आज मन लागत नाही.

मध्यंतरात मावशींच्या हातावर उकळता चहा सांडला, अख्खं पातेलं. कॅन्टीनमधले सगळे वळले. मावशींकडं नाही, माझ्याकडं. मी घाबरलो आणि तोंडातून निघालं — खिक्. झालं. सगळे हसायला लागले. मावशीसुद्धा. हात लालभडक, कातडी सुटलेली, आणि बाई पोट धरून हसतायत. नळाखाली न्यायला लागलो तर म्हणाल्या, भारी आहेस हं तू.

मालकांना सांगितलं, मला नाही जमायचं हे. ते हसले. सांगताना मी हसलो नव्हतो, चांगलं आठवतंय. निदान मला तसं वाटतं.

रविवार

ताप आहे म्हणून खोलीतच पडलो. दुपारच्या खेळाची वेळ झाली, पण खालून आवाज येईना. खिडकीतून पाहिलं. रस्ताभर माणसं, हॉल सोडून बाहेर आलेली, माना वर केलेली. राग नाही, आरडाओरडा नाही. डॉक्टरांच्या दाराशी बसावं तशी नुसती वाट बघतायत. आजोबा सगळ्यांत पुढे.

खिडकी लावता लावता हसू फुटलंच मला. सगळा रस्ता हसला.

मावशींची म्हण खरी आहे. वरून फक्त दातच दिसतात.

सोमवार

सकाळची गाडी पकडली. हलेचना. मान वर केली तर पुढची सगळी माणसं मागं वळून बसलेली, कंडक्टरसकट. ड्रायव्हर आरशातून बघतोय. मी ओरडलो, अहो, मला भीती वाटतेय, काढा ना गाडी! ओरडताना तोंड आपलं दात काढतंय. हसून हसून लोळले सगळे. ड्रायव्हर डोळे पुसत खाली उतरला. मग त्यांनीच मला दंडाला धरून, अगदी प्रेमानं, खोलीवर आणून सोडलं. एकानं बॅग उचलली. जड आहे का विचारलं तर हसला.

मंगळवार

ताईला फोन केला. सगळं सांगितलं, पण दर वाक्याला खिक् खिक्. ती म्हणाली, अरे श्वास तरी घे, इतकं काय हसायचं! किती वर्षांनी मजेत वाटतोयस. मी म्हटलं, ताई, मी अडकलोय गं इथं. तीही हसत सुटली.

मग फोन कुणीतरी हळूच हातातून घेतला. परत दिला नाही.

गुरुवार

सिनेमाचं मशीन बंद आहे. नुसता पांढरा पडदा. मी मधल्या रांगेत.

उठलो की सगळे उठतात. चाललो की चालतात. दाराशी जावं तर दारात माणसंच माणसं. म्हणून बसलोय.

आता सिनेमा नको त्यांना. तेच काहीबाही करून दाखवतात. मला कशानं हसू येतं ते त्यांना पक्कं कळलंय.

कॉलेजातलं एक पोरगं बाल्कनीच्या कठड्यावर चढलं. माझ्याकडं बघत थांबलं. मी — आलंच मला. मी हसलो आणि त्यानं उडी —

सगळे हसले. खालून तोही. थोडा वेळ.

दिवस माहीत नाही

त्या बाई चढल्या. कपाटवाल्या. मी मूठ तोंडात कोंबली. चावली. रक्त आलं, पण हसलो नाही. त्या वाट बघून बघून उतरल्या.

म्हणजे जमतं. मी नाही हसलो तर कुणी मरत नाही. एवढंच करायचं. हसायचं नाही.

नंतर

आजोबा चढले. उतरले. मालक चढले. उतरले.

मूठ सुजलीय. लिहवत नाही. झोप —

आत्ता

दार उघडलं. उजेड.

ताई आलीय.

पिशवी खांद्याला, तोंडभर हसतेय. एवढं काय आहे तुझ्या सिनेमात, म्हटलं बघूनच येऊ, म्हणते. मी जा जा म्हणून हात करतोय, तिला वाटतंय ये म्हणतोय.

सगळे तिच्याकडं वळले. वाट करून देतायत. जिन्याकडं. वरून छान दिसतं म्हणे.

ताई नको — चढू नको —

वर पोचली. कठड्यावर बसा म्हणतायत. बसली. पाय इकडं सोडून.

आता सगळे माझ्याकडं. मूठ आत जात नाही. दात आवळलेत. दात —

मला बघून हात हलवतेय. ताई, मला ह