भिंतीवरचा फिकट चौकोन

झिंज, शुक्रवार, संध्याकाळ

डोकं नुसतं तापलंय. नाशिकचं आमचं बैठं घर विकायला काढलंय, त्याची जाहिरात तिथल्या एजंटाने आज इथे आखातात माझ्या फोनवर पाठवली. अंगण दिसतंय, ओटा दिसतोय, आणि हॉलच्या भिंतीवर एक फिकट चौकोन. तिथे बाबासाहेबांचा फोटो होता.

लगेच एजंटाला फोन लावला. म्हणाला, "ताई, राग मानू नका. फोटो बघून गिऱ्हाईक मागे सरतं. मी साहेबांना विचारूनच उतरवला."

साहेब म्हणजे आमचे हे. सित्र्याच्या रिफायनरीतली शिफ्ट करून आले, बूट काढत होते. विचारलं तर म्हणे, "अगं, घर जायला पाहिजे ना? ते विकून पोरीजवळ घर घ्यायची घाई तुलाच आहे." आहेच. म्हणून काय हे करायचं? त्या घरात गेलो तेव्हा भंतेजींनी वंदना घेतली. आधी फोटो लावला, मग गॅस पेटवला. खिळा ह्यांनीच ठोकलेला. विसरले?

सारखी ती जाहिरात उघडतेय. चौकोन तेवढा दिसतो, बाकी घर दिसतच नाही.

एजंटाला परत फोन केला. म्हटलं, फोटो होता तिथे लाव आणि जाहिरात नवी कर.

"ताई, मग वेळ लागेल."

"लागू दे. जो बिचकेल त्याला घर द्यायचंच नाही. खलास."

हे ऐकतच होते. मग हळूच म्हणाले, "खिळा तरी ठेवलाय का, विचार त्याला."

मी फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच विचारा. उतरवायला हो म्हणालात ना, आता लावायलाही सांगा.