खुर्चीचा प्रसंग

१४ नोव्हेंबर, दुपार

दादा,

नमस्कार. आमच्याकडे सगळे बरे आहेत. मुलीचा खोकला गेला. तू आणि वहिनी मजेत असाल असं धरून चालतो.

तुझ्या नाटकातल्या न्यायाधीशाची मी माझ्या फार्समध्ये केलेली नक्कल चांगली चालली आहे. परीक्षणं आली. एकाने लिहिलं, इतकी वर्षं आपण ज्याला गांभीर्य म्हणत होतो ते नुसतं जडपण होतं, हे या फार्सने दाखवून दिलं. दुसऱ्याने लिहिलं, धाकटा थोरल्याच्या नावावर पोट भरतो आहे. बायकोने ते कात्रण फाडलं. मी तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

खुर्चीबद्दल मात्र सगळ्यांनीच लिहिलं आहे. निकाल देण्याआधी तू खुर्चीची पाठ चाचपतोस, बैठकीवरून हात फिरवतोस, मग बसतोस. मी तेच करतो, फक्त शेवटी खुर्चीच्या शेजारी बसतो आणि पडतो. रोज तिथे हशा.

तू माझ्या प्रयोगाला आलास त्या दिवशी पडदा पडल्यावर आत येऊन माझा खांदा धरलास. म्हणालास, "खुर्चीचा प्रसंग झकास. चांगली जिरवलीस माझी!" वहिनी घाईने म्हणाली, "चला, रिक्षा खोळंबलीय."

दादा, त्या दिवशी खुर्ची नव्हती. पहिल्या अंकातच तिचा पाय मोडला. ऐन वेळी काही सुचेना, म्हणून मी सरळ कारकुनाच्या मांडीवर जाऊन बसलो. हशा तिथेच आला, पण तो खुर्चीचा नव्हता.

आधी मला राग आला. वाटलं, नाटक न बघताच पेपरात वाचलेलं बोलून गेला. मग वाटलं, टोमणा असेल. पण तू सभागृहात होतास. तुझं हसू मी स्टेजवरून ओळखतो. ते प्रत्येक वेळी इतरांच्या मागून येत होतं. आधी मला वाटलं, मनापासून हसत नाहीये.

परवा एक समीक्षक भेटले. गप्पांत सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या बंधूंची ती खुर्चीची लकब पहिल्यापासून होती का हो?"

मी म्हटलं, "हो, पहिल्यापासून."

खोटं बोललो. सुरुवातीला तू सरळ येऊन बसायचास, मागे न बघता. चाचपणं गेल्या दोनेक वर्षांतलं. लोकांनी त्याला सदसद्विवेकाचं ओझं म्हटलं, मीही म्हटलं. तुझ्या प्रयोगांना विंगेत उभा राहून मी ते पाठ केलं, घरी आरशासमोर घोटलं, आणि तू खुर्ची शोधतोयस हे मला कळलं नाही.

की कळलं होतं? हल्ली माझा माझ्यावरही भरवसा नाही.

आता मुख्य बातमी. तुझं नाटक नव्या नेपथ्यासह पुन्हा उभं राहतंय, हे तुला माहीत आहे. तिथलं न्यायासन उंचावर आहे. वर जायला अरुंद पायऱ्या, कठडा नाही. मी जाऊन पाहिलं. मला तिथे कशाला बोलावलं होतं, हे निर्मात्यांनी चहा येईपर्यंत सांगितलं नाही. मग म्हणाले, "थोरल्यांची तब्येत तुम्हाला कशी वाटते? भूमिका तुम्हाला तोंडपाठ आहेच."

त्यांना काय माहीत आहे, कुणी सांगितलं, विचारायची हिंमत झाली नाही. वहिनी त्यांना भेटली होती का? भेटली असेल तर मी तिला दोष देणार नाही.

मी नाही म्हणून आलो. पण किती ठामपणे म्हणालो, हे आठवत नाही.

सोमवारी तालीम सुरू होते. त्याआधी तू स्वतः जाऊन त्यांना सांग की तुला दिसत नाही. नाही सांगितलंस तर मी सांगेन. मग सगळे म्हणतील, भूमिकेसाठी सख्ख्या भावाचे पाय ओढले. परीक्षणातही तेच येईल, आणि ते खोटं आहे असं मला शपथेवर सांगता येणार नाही. तरी सांगेन. तू त्या पायऱ्यांवर चढणार नाहीस.

वहिनी, हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. वरचा मजकूर गाळू नकोस.

तुम्हा दोघांचा,
धाकटा